अणुऊर्जा की सौरऊर्जा : राजापूर तालुक्यातील एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पाच पानी पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गुण चांगले आहेत, आणि पदवीनंतर अणुऊर्जेच्या क्षेत्रातच जायचे असा तिचा निश्चय आहे. कोल्हापुरात छतावरील सौर संच बसवण्याचा व्यवसाय करणारे तिचे मामा तिला सांगतात की, पुढचा काळ सूर्याचा आणि वाऱ्याचा आहे, अणुऊर्जा ही गेल्या शतकातली गोष्ट झाली. त्यावर ती म्हणते की, सरकारने २०४७ सालापर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज जाहीर केली आहे, आणि दिवस मावळल्यावर मामांच्या पॅनेलांचे काय करायचे ते मामांनीच सांगावे. आपण स्वतः जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या विरोधातील मोर्चांत चालला होतात, त्यामुळे घरातल्या या वादात कोणाची बाजू घ्यावी हे आपल्याला कळेनासे झाले आहे. शिवाय किरणोत्साराची आणि मुलीच्या पुढील संसाराची काळजी आहेच. पत्र संपवल्यावर ता. क. म्हणून आपण दोन ओळी लिहिल्या आहेत की, ती रोज रात्री मोबाइलवर वीजजाळ्याची फ्रीक्वेन्सी पाहून वहीत उतरवते, आणि हे वेड म्हणावे की अभ्यास, हे आपल्याला समजत नाही. सगळ्या पत्रात मला या दोन ओळी सर्वांत मोलाच्या वाटल्या. त्यांच्याकडे मी पुढे येते.

आधी वादाचा विषय नीट मांडून घेऊ. मामा आणि भाची दोघांच्याही बोलण्यात निम्मे खरे आहे, म्हणूनच वाद मिटत नाही. मेगावॅट हा शब्द दोघे एकाच अर्थाने वापरतात, तिथेच घोटाळा होतो. सातशे मेगावॅटची अणुभट्टी रात्रंदिवस, वर्षातील बहुतेक दिवस, पूर्ण शक्तीच्या जवळपास चालते; तिचा वापर ८५ टक्के धरला तर वर्षाला सुमारे ५२० कोटी युनिट वीज मिळते. तेवढीच वीज उन्हातून काढायची तर, आपल्याकडे सौर पॅनेलांचा वर्षभराचा सरासरी वापर २० टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे, सुमारे ३,००० मेगावॅटचे पॅनेल लावावे लागतात, आणि मेगावॅटमागे चार-पाच एकर धरले तर त्यासाठी बारा ते पंधरा हजार एकर जमीन लागते. कारवारजवळच्या कैगा केंद्रातील पहिला संच २०१८ साली सलग ९६२ दिवस न थांबता चालला, आणि तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. देशाची विजेची मागणी ३० मे २०२४ रोजी दुपारी २५० गिगावॅटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली तेव्हा ती भागवण्यात सौर विजेचा मोठा हात होता; खरी ओढाताण होते ती संध्याकाळी सातनंतर, जेव्हा पंखे आणि वातानुकूलन यंत्रे चालूच असतात आणि पॅनेल मात्र झोपलेले असतात. भाचीच्या म्हणण्यातला हा भाग भक्कम आहे.

त्याहून भक्कम भाग तिच्या वहीत आहे. आपल्या जाळ्याची फ्रीक्वेन्सी सेकंदाला ५० आवर्तने ठेवायची असते, ४९.९० ते ५०.०५ हा तिचा पट्टा. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की आकडा खाली येतो, निर्मिती जास्त झाली की वर चढतो. अणुकेंद्रातील, कोळशाच्या किंवा कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रातील शेकडो टन वजनाचे फिरते जनित्र आपल्या जडत्वामुळे हा आकडा एकदम कोसळू देत नाही, आणि त्या काही सेकंदांत बाकीची यंत्रणा सावरून घेते. सौर पॅनेलाची वीज इन्व्हर्टरमधून, म्हणजे ती जाळ्याला जोडण्याजोगी करून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून येते. त्यात फिरते वजन नसते. जाळ्यात इन्व्हर्टरची वीज जसजशी वाढेल तसतसे हे जडत्व दुसऱ्या मार्गाने आणावे लागेल, आणि कर्बवायू न सोडता ते देणारी केंद्रे म्हणजे पाण्याची आणि अणूची. पाण्याच्या मोठ्या जागा आता थोड्याच उरल्या आहेत. अणुऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी खरे तर हा मुद्दा सर्वांत आधी मांडायला हवा. पण तो समजावून सांगायला वेळ लागतो, म्हणून बहुतेक जण रात्रीच्या अंधारावरच थांबतात. मुलीला एवढे मात्र सांगा की, २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले त्याचा दाखला तिने घाईने देऊ नये. त्या दिवशी सौर विजेचे प्रमाण मोठे होते हे खरे, परंतु नंतरच्या चौकशीत बोट ठेवले गेले ते प्रामुख्याने व्होल्टेज आवरण्यातील त्रुटींवर.

आता मामांची बाजू. ते भावाबद्दल बोलतात आणि वेळेबद्दल बोलतात, आणि या दोन्ही बाबतींत अणुऊर्जेकडे अजून समाधानकारक उत्तर नाही. मोठ्या सौर प्रकल्पांच्या निविदांतील दर गेली काही वर्षे युनिटला अडीच रुपयांच्या आसपास आहेत, आणि बॅटरीच्या साठ्यासह निघालेल्या काही निविदा तीन-साडेतीन रुपयांत गेल्या आहेत. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो. गुजरातमधील काक्रापार अणुकेंद्राच्या तिसऱ्या संचाचे काँक्रीट २०१० साली ओतले गेले आणि त्याची व्यावसायिक वीज २०२३ साली सुरू झाली. राजस्थान अणुकेंद्राच्या सातव्या संचाचे काम २०११ मध्ये सुरू होऊन २०२५ मध्ये संपले. परदेशातही फार वेगळे चित्र नाही. आपल्या माडबनला, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या जागी, ज्या जातीच्या फ्रेंच अणुभट्ट्या बसवायच्या ठरल्या, त्याच जातीची फ्लामांव्हिल येथील भट्टी फ्रान्सने स्वतःच्या भूमीवर २००७ साली बांधायला घेतली. ती जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि ३.३ अब्ज युरोंचा अंदाज तोपर्यंत १३ अब्जांच्या पुढे गेला होता. ज्या फ्रान्सने १९७४ नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत आपली बहुतांश वीज अणूवर आणून दाखवली, त्याच फ्रान्सची ही गोष्ट आहे. तेव्हा जमले ते आता का जमत नाही, याची कारणे अनेक आहेत, पण एक कारण आपल्या मुलीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे: मधल्या काळात बांधणे थांबले, आणि बांधणारी माणसे निवृत्त झाली.

म्हणून ‘अणुऊर्जा की अक्षय ऊर्जा’ असा प्रश्न भारतापुरता तरी मला चुकीचा वाटतो. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या, कोळशाची केंद्रे चालू असतानाच, बंद केल्या. ती चूक होती असे माझे मत आहे. पण त्यावरून सौर ऊर्जा सोडून अणूच्या मागे लागावे असा निष्कर्ष काढणे ही तेवढीच मोठी चूक ठरेल. अजून अनेक वर्षे दिवसाची स्वस्त वीज सूर्याकडूनच येणार आहे, आणि प्रश्न रात्रीचा व जाळ्याच्या स्थैर्याचा आहे. त्यातही एक पेच आहे: आपल्या अणुभट्ट्या एकाच स्थिर पातळीवर चालवण्यासाठी बांधलेल्या असल्यामुळे, भर दुपारी सौर वीज जास्त झाली म्हणून त्यांना वाटेल तेव्हा निम्म्यावर आणता येत नाही. दुपारची ही जास्तीची वीज साठवावी लागेल, आणि साठा स्वस्त झाला की अणुऊर्जेचा रात्रीचा मुद्दा थोडा सैल होईल. हा हिशेब पुढील वीस वर्षांत कुठे स्थिरावेल हे आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्या सल्ल्यावर मुलीचे आयुष्य बेतू नका.

करिअरच्या दृष्टीने सरकारी उद्दिष्टांचे वाचन कसे करावे, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. उद्दिष्ट गाठले की चुकले, एवढे पाहून भागत नाही. किती वर्षांनी चुकले ते पाहावे. २००० सालापर्यंत दहा हजार मेगावॅट अणुवीज, असा कार्यक्रम १९८० च्या दशकात आखला गेला होता. त्या वर्षी प्रत्यक्षात तीन हजारांचाही टप्पा गाठलेला नव्हता. पुढे २०३२ साठी ६३,००० मेगावॅटचा आकडा आला. तोच सध्या २०३१-३२ साठी २२,४८० वर आला आहे, आणि २०२५ मधील स्थापित क्षमता सुमारे ८,८०० मेगावॅट, म्हणजे देशात तयार होणाऱ्या विजेच्या तीन टक्क्यांच्या आसपास वाटा. तारापूर १९६९ साली सुरू झाले. म्हणजे छप्पन्न वर्षांत जेवढे झाले त्याच्या दहा पटींहून अधिक बावीस वर्षांत करायचे आहे. सौर ऊर्जेचे २०२२ सालाचे एक लाख मेगावॅटचे उद्दिष्टही चुकले, पण तो आकडा जानेवारी २०२५ मध्ये पार झाला. एक क्षेत्र उद्दिष्ट दोन वर्षांनी चुकवते, दुसरे काही दशकांनी. मामा व्यवसायात असल्यामुळे हा फरक त्यांच्या अंगवळणी पडला आहे. भाची आकडे वाचते, पण त्यांचा इतिहास अजून वाचत नाही.

असे असूनही मी तिला नाही म्हणणार नाही, कारण २०२५ सालात धोरणाची पायाभरणी खरोखर बदलली आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहीम जाहीर झाली, छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटी रुपये ठेवले गेले आणि २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच छोट्या भट्ट्या चालू करण्याचे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा संमत केला. त्यामुळे १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा दायित्व कायदा (अपघाताच्या भरपाईची जबाबदारी ठरवणारा) मागे पडले, खासगी कंपन्यांना वीजकेंद्रांचे दार उघडले, आणि आजवर केवळ सरकारी आदेशावर उभ्या असलेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला. राजस्थानात बांसवाडा येथे एनपीसीआयएल (अणुवीज केंद्रे चालवणारी सरकारी कंपनी) आणि एनटीपीसी (प्रामुख्याने कोळशाची वीजकेंद्रे चालवणारी सरकारी कंपनी) मिळून केंद्र उभारत आहेत. पाच वर्षांपूर्वी या क्षेत्रात अभियंत्याला जवळजवळ एकच मालक होता. आता तसे राहणार नाही. एक लाखाऐवजी तीस-चाळीस हजार मेगावॅट जरी झाले, तरी मधल्या पिढीची माणसे नसल्यामुळे तिच्या वयाच्या अभियंत्यांना जागा पडतील. वालचंदनगर आणि किर्लोस्करवाडी येथील कारखान्यांनी अणुकेंद्रांसाठी यंत्रसामग्री बनवली आहे, ही गोष्ट पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांना बहुधा ठाऊकही नसते.

आता नेमके काय करावे. पहिली गोष्ट, केवळ अणु अभियांत्रिकीची पदवी किंवा महागडा पदव्युत्तर अभ्यासक्रम खासगी संस्थेतून घेण्याचा विचार असेल तर तो सोडावा. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे येणाऱ्या एका हुशार मुलाने अशीच अरुंद पदवी एका खासगी विद्यापीठातून घेतली. तो बाहेर पडला तेव्हा जपानमधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतरची मरगळ होती, सरकारी भरतीत त्याच्या शाखेला जागा नव्हत्या, आणि दुसऱ्या क्षेत्रात त्याला कोणी विद्युत किंवा यांत्रिकी अभियंता मानायला तयार नव्हते. आज तो संगणक क्षेत्रात आहे, बरे चालले आहे, पण भेटला की अजून तोच विषय काढतो. अणुकेंद्राला अणुभौतिकी जाणणारे मूठभर लोक लागतात; बाकी सगळे विद्युत, यांत्रिकी, रसायन, उपकरणीकरण आणि स्थापत्य शाखांतले लागतात, आणि अणूबद्दलचे ज्ञान त्यांना आत घेतल्यावर दिले जाते. होमी भाभांनी १९५७ साली तुर्भ्याला प्रशिक्षण विद्यालय सुरू केले ते याचसाठी. आपल्या मुलीची विद्युत शाखा योग्य आहे, तिला ढळू देऊ नका.

दुसरी गोष्ट गेट या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेची. तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही ती देता येते. चांगल्या गुणांवर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणासाठी किंवा एनपीसीआयएलमध्ये कार्यकारी प्रशिक्षणार्थी म्हणून मुलाखतीचे बोलावणे येऊ शकते. दोन्हीकडे पदवीला ६० टक्के लागतात आणि खुल्या गटासाठी वयोमर्यादा साधारण २६ आहे, त्यामुळे दोन-तीन वर्षे ‘बघू’ म्हणण्यात घालवू नयेत. याच गेटच्या गुणांवर पॉवरग्रिड आणि ग्रिड इंडिया या वीजजाळ्याच्या सरकारी कंपन्याही अभियंते घेतात, आणि इथे मी तिच्या वहीकडे येते.

रोज रात्री फ्रीक्वेन्सी टिपणारी मुलगी माझ्याकडे आजवर आलेली नाही. ते वेड नव्हे. पण ती जे पाहते ते अणुभट्टीचे काम नाही, ते जाळे चालवणाऱ्याचे काम आहे. ऐरोलीला महाराष्ट्राचे राज्य भार प्रेषण केंद्र आहे, मुंबईतच पश्चिम विभागाचे केंद्र आहे. तिथले अभियंते चोवीस तास हाच आकडा सांभाळतात, सौर विजेचा अंदाज चुकला की कोयनेला निरोप देतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली ती शहराला वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्यामुळे. देशात निर्मिती कमी पडली म्हणून नव्हे. अणुऊर्जा वाढो की सौर, जाळे सांभाळणाऱ्याचे महत्त्व दोन्ही बाजूंनी वाढणारच आहे. तिने अणुऊर्जा सोडावी असे मी म्हणत नाही. पॉवर सिस्टिम्स हा विषय तिने पक्का करावा, अंतिम वर्षाचा प्रकल्प जाळ्याच्या जडत्वावर घ्यावा, आणि दोन्ही दारे ठोठवावीत असे म्हणते. त्या प्रकल्पावर तिला तिन्ही क्षेत्रांत बोलता येईल, मामांच्या क्षेत्रातसुद्धा, कारण मोठ्या सौर प्रकल्पांना जाळ्याशी कसे वागावे हे जाणणारे अभियंते हवेच आहेत. पॅनेल बसवण्याची कामे बहुतांश कंत्राटी असतात आणि अनुदान चालू-बंद झाले की हलतात. हे मामा स्वतः मान्य करतील.

स्वभावाचा प्रश्नही पाहावा लागेल. अणुकेंद्रात प्रत्येक कामाची लेखी पद्धत असते, एक झडप उघडण्यापूर्वी तीन सह्या होतात, आणि नियंत्रण कक्षात बसायला अनेक वर्षांच्या परीक्षा द्याव्या लागतात. ज्याला झटपट फळ हवे त्याचा तिथे जीव गुदमरतो. रोज एकच आकडा वहीत लिहू शकणाऱ्या मुलीबाबत मला ही चिंता वाटत नाही. पगार, वसाहत, शाळा, दवाखाना यांची सोय चांगली असते. पण नेमणूक तारापूरलाच होईल असे नाही, ती रावतभाटा, नरोरा, कल्पाक्कम, कुडनकुलम अशी कुठेही होऊ शकते. राजापूरहून त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे कैगा.

किरणोत्साराबद्दल स्पष्ट सांगते. काम करणाऱ्यासाठी नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेली किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही आहे. प्रत्येकाच्या अंगावर मोजणी बिल्ला असतो आणि नोंद आयुष्यभर ठेवली जाते. निसर्गातूनच आपल्या प्रत्येकाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. गर्भारपणात गर्भासाठी वेगळी आणि फार कडक मर्यादा असते, आणि त्या काळात कामाची जागा बदलून दिली जाते. विद्युत अभियंत्याची बरीच कामे तर टर्बाइन, स्विचयार्ड आणि नियंत्रण कक्षाच्या बाजूची असतात. अणुकेंद्रात स्त्रिया अनेक वर्षांपासून काम करतात. लग्नाच्या बाजारात कोणी यावर नाक मुरडले, तर ते स्थळ नाक मुरडण्याच्याच योग्यतेचे समजावे.

जैतापूरबद्दल लिहिताना मी जपून लिहीत आहे. डिसेंबर २०१० मध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला, एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे येथे गोळीबारात एक माणूस गेला, आणि ९,९०० मेगावॅटचे ते केंद्र अजूनही कागदावर आहे. ते अडले त्यात आंदोलनाचा वाटा होता, पण विजेचा दर, परदेशी पुरवठादाराचे दायित्व आणि फ्रेंच कंपनीची स्वतःची आर्थिक ओढाताण ही कारणे बहुधा त्याहून मोठी होती. मच्छीमारांनी विचारलेले गरम पाण्याचे प्रश्न, जमीन घेण्याची पद्धत, भूकंपाबद्दलची शंका, यांतला एकही प्रश्न विचारण्यात आपले चुकले नाही. मुलीने अणुकेंद्रात नोकरी धरली म्हणून तो मोर्चा खोटा ठरत नाही. नियामक मंडळाचे कार्यालय अणुशक्तीनगरला आहे. प्रकल्प चालवणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार असलेल्या त्या संस्थेतही अभियंतेच लागतात, आणि ज्या घरात असे प्रश्न जेवताना बोलले गेले तिथून कोणी तिकडे गेले तर मला आनंदच होईल. हा मार्गही तिच्या कानावर घाला, आग्रह मात्र धरू नका.

या उन्हाळ्यात महाविद्यालयाचे पत्र घेऊन कोयना केंद्र आणि ऐरोलीचे भार प्रेषण केंद्र पाहण्याची परवानगी मागावी, गट असेल तर ती मिळण्याची शक्यता जास्त. महिनाभर मामांच्या कामावरही तिला पाठवा, छतावर चढून इन्व्हर्टर जोडू दे; भांडण कमी होईल की नाही सांगता येत नाही, पण मुद्दे सुधारतील. गेटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात. आणि ती वही जुनी झाली म्हणून रद्दीत जाऊ देऊ नका. पुढे मुलाखतीला जाताना तिने ती बरोबर न्यावी, पुढ्यात कोणत्याही कंपनीचे अधिकारी बसलेले असोत.

आपली,
करिअर मार्गदर्शक